जायरो लावला तरी रोबॉट पुन्हा पडतोच: घोट्याला जोडलेल्या हेलिकॉप्टर जायरोचं समस्या निवारण

दोन पायांच्या छोट्या रोबॉटच्या घोट्याला रेडिओवर उडणाऱ्या मॉडेल हेलिकॉप्टरचा जायरो (फिरण्याचा वेग ओळखणारा सेन्सर) जोडला की पहिल्या दिवशी बहुतेकांना काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. खांद्याला टिचकी मारली तरी रोबॉट सावरतो, चालताना डुलणं कमी होतं. दुसऱ्या दिवशी तोच रोबॉट चालू केल्याबरोबर पुढे झुकतो, किंवा घोटे थरथरायला लागतात, किंवा आठ पावलं झकास टाकून नवव्याला तोंडावर आपटतो. गेन, म्हणजे जायरोच्या दुरुस्तीचा जोर, खालीवर केला, जायरो दुसरा लावला, की थोडे दिवस बरं आणि मग पुन्हा तेच रडगाणं.

तक्रार एकच दिसते, कारणं मात्र बरीच असतात आणि एक कारण दुसऱ्याला झाकतं. त्यामुळे दिसेल तो स्क्रू फिरवण्यापेक्षा तपासणीचा क्रम पाळणं जास्त कामाचं. खालचं सगळं तीस-चाळीस सेंटिमीटर उंचीच्या, किलो-सव्वा किलोच्या आणि हॉबी सर्व्होंवर (दिलेला कोन धरून बसणाऱ्या छोट्या मोटरींवर) चालणाऱ्या रोबॉटबद्दल आहे: कोंडोचा २००४ सालचा केएचआर-१, हायटेकचा रोबोनोव्हा-१, किंवा त्याच धर्तीवर ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटांतून घरी जुळवलेला कुठलाही.

जायरोला काय कळतं

हेलिकॉप्टरचा जायरो रिसीव्हर आणि शेपटीचा सर्व्हो यांच्या मध्ये बसतो. येणाऱ्या पल्समध्ये (जिच्या लांबीवरून सर्व्होला कोन कळतो त्या विजेच्या ठोक्यात) तो थोडी भर घालतो किंवा थोडी कपात करतो आणि पल्स पुढे पाठवतो. भर किती घालायची हे एकाच गोष्टीवर ठरतं: यंत्र एका अक्षाभोवती किती वेगाने फिरतंय. फिरण्याचा वेग शून्य, तर भर शून्य. रोबॉट दहा अंश पुढे कलून निश्चल उभा असेल तर जायरोच्या लेखी सगळं आलबेल आहे. सरळ उभं म्हणजे काय आणि जमीन कुठल्या दिशेला आहे हे त्याला माहीत नाही. हेलिकॉप्टरच्या शेपटीला ते लागतही नाही.

मग तो रोबॉटला उभं कसं ठेवतो? ठेवतच नाही. ते काम सर्व्होचं. घोट्याचा सर्व्हो दिलेला कोन घट्ट धरून बसतो, म्हणजे स्प्रिंगसारखा वागतो, आणि रुंद सपाट पाऊल त्या स्प्रिंगला टेकू देतं. या स्प्रिंगवर अख्खा रोबॉट डुलतो, पण ते डुलणं जिरवायला काहीच नसतं. एका पावलाचा हिसका पुढच्या पावलाच्या हिसक्यात मिसळतो, आणि आठ-नऊ पावलांत तोल सुटतो. जायरो डुलण्याचा वेग पाहून घोट्याला उलट दिशेने रेटतो. मोटारसायकलच्या शॉकअब्सॉर्बरमध्ये स्प्रिंगच्या जोडीला तेल असतं, ते तेलाचं काम जायरो करतो. स्प्रिंगच वाकडी बसली असेल तर तेल बदलून उपयोग नाही.

हे एकदा नीट पटलं की निम्म्या तक्रारी आपोआप सुटतात, कारण त्या जायरोच्या नसतातच.

थोडं गणित करून ठेवू. गुरुत्वमध्य जमिनीपासून २० सेंटिमीटरवर धरला तर रोबॉटच्या पडण्याचा कालमानांक, म्हणजे उंची भागिले गुरुत्वत्वरण याचं वर्गमूळ, साधारण ०.१४ सेकंद येतो. निश्चल असलेला पण २ अंश कललेला रोबॉट कोणी सावरला नाही तर सुमारे ०.४ सेकंदात १५ अंशांवर पोचतो. पावलाचा चवडा घोट्यापासून ५ सेंटिमीटर पुढे असेल तर घोट्याच्या जोरावर सावरता येणारा कमाल कल साधारण १४ अंश. त्यापुढे सर्व्होने कितीही जोर लावला तरी पाऊलच चवड्यावर उचललं जातं आणि रोबॉट पडतो. नेहमीची सर्व्हो-पल्स दर २० मिलिसेकंदांनी येते, म्हणजे सगळा खेळ जेमतेम वीस पल्समध्ये आटोपतो. सर्व्होला प्रत्यक्ष हलायला लागणारा वेळही त्यातूनच जातो. उशीर इथे का परवडत नाही ते यावरून कळतं.

आधी जायरो बाजूला काढा

हे कोणालाच आवडत नाही, पण सुरुवात इथूनच. जायरोची जोडणी सोडवा, घोट्याचे सर्व्हो थेट कंट्रोलरला लावा आणि सपाट फरशीवर रोबॉटला अगदी संथ चालीत चालवा. दहा-बारा पावलं जमत नसतील तर जायरोला हात लावू नका. हॉर्नचा, म्हणजे सर्व्होच्या दांड्यावर बसणाऱ्या पट्टीचा, स्क्रू ढिला आहे का, सर्व्होच्या दात्यांवर हॉर्न एक दाता सरकून बसला आहे का, बॅटरी पाठीकडे लटकते आहे का, पावलाचा तळ वाकला आहे का, ते पाहा. आरशाची काच किंवा जाड ग्रॅनाइटची फरशी जमिनीवर ठेवून त्यावर रोबॉट उभा करा आणि पावलांखाली कागदाची पट्टी सरकवून बघा. एका कोपऱ्यातून ती सहज शिरत असेल तर तिथेच निदान झालं.

गिअरचा ढिलेपणाही आत्ताच तपासा. वीज चालू ठेवून पाऊल बोटांनी हलकेच हलवा. एक-दोन अंश सहज हलत असेल तर पुढे जायरो लावल्यावर कमी गेनवरही बारीक थरथर राहणार, आणि ती कुठल्याच सेटिंगने जाणार नाही. गिअर बदलणं हाच उपाय.

हातात धरून करायची चाचणी

जायरो जोडा, रोबॉट कमरेला धरून हवेत उचला आणि झटकन पुढे झुकवा, तोंडावर पडत असल्यासारखा. त्या क्षणी दोन्ही पावलांचे चवडे खाली दाबले गेले पाहिजेत आणि टाचा वर. चवडे वर उचलले गेले तर दिशा उलटी आहे. रोबॉट पडायला लागला की जायरो त्याला उलट आणखी पाडतो आहे. उजवीकडे झुकवला तर दोन्ही पावलांची उजवी कड खाली गेली पाहिजे.

बऱ्याचदा एक घोटा बरोबर वागतो आणि दुसरा उलटा. पुढे-मागे हलणारे घोट्याचे सर्व्हो बहुतेक रोबॉटांत आरशातल्या प्रतिबिंबासारखे बसवलेले असतात, डाव्याचं तोंड डावीकडे आणि उजव्याचं उजवीकडे. त्यामुळे एकाच अर्थाची दुरुस्ती एका पायाला अधिक आणि दुसऱ्याला उणे लागते. आडवं, म्हणजे डावं-उजवं, डुलणं सावरणारे सर्व्हो बहुधा दोन्ही एकाच दिशेला तोंड करून असतात, तिथे हा घोळ होत नाही. दिशा बदलायला जायरोवर स्विच असतो. स्वस्त जायरोवर तो नसेल तर जायरो उलटा करून चिकटवा, अक्षाची दिशा उलटली की चिन्हही उलटतं.

याच चाचणीत दुसरं उत्तरही मिळतं. झुकवून झाल्यावर रोबॉट त्याच तिरक्या स्थितीत स्थिर धरून ठेवा. पावलं मूळ जागी परत आली तर जायरो रेट मोडमध्ये, म्हणजे फक्त फिरण्याच्या वेगावर चालणाऱ्या पद्धतीत, आहे, आणि आपल्याला तोच हवा. पावलं दाबलेल्या स्थितीतच राहिली, किंवा तुम्ही काहीही न हलवता सरकत सरकत टोकाला जाऊन टेकली, तर तो हेडिंग होल्डमध्ये आहे.

हेडिंग होल्ड हेलिकॉप्टरवाल्यांसाठी वरदान ठरलं. वाऱ्याने शेपूट ढकललं तरी जायरो फिरलेल्या कोनाची बेरीज लक्षात ठेवतो आणि शेपूट पूर्वीच्या दिशेला आणून सोडतो. इथे येणारी पल्स म्हणजे ‘या कोनाला जा’ अशी आज्ञा राहत नाही, ती ‘या वेगाने फीर’ अशी होते. रोबॉटच्या कंट्रोलरला हे ठाऊक नसतं. तो चालीच्या नमुन्याप्रमाणे घोट्याला ‘७ अंश पुढे’ सांगतो, जायरो त्याचा अर्थ ‘अख्खा रोबॉट अमुक वेगाने पुढे फिरव’ असा लावतो, आणि रोबॉट फिरत नाही हे पाहून घोटा रेटत राहतो. दोन-तीन पावलांत घोटा टोकाला. ‘जायरो लावल्यावर रोबॉट आधीपेक्षा लवकर पडतो’ ही तक्रार जवळजवळ नेहमी इथेच येऊन थांबते. हेडिंग होल्डला कोन कळतो, मग तो जास्त चांगला नाही का, असं वाटणं साहजिक आहे. पण तो कोन चालू केलेल्या क्षणापासूनचा असतो, त्याचा गुरुत्वाशी संबंध नाही, आणि शून्यातली बारीक चूकही त्यात साचत जाते. घोट्यासाठी रेट मोडच. याबाबतीत मी कोणाचं दुसरं मत ऐकून घेत नाही.

जायरो काहीच करत नाही

दिशा बघायला गेलात आणि पावलं हललीच नाहीत, तर आधी गेनच्या वायरीकडे बघा. फुटाबाच्या जीवाय-४०१ सारख्या जायरोंना तिसरी, एकट्या तारेची जोडणी असते. तिच्यावर येणाऱ्या पल्सवरून गेन आणि मोड दोन्ही ठरतात. पल्स मधोमध, १५०० मायक्रोसेकंदांच्या आसपास असेल तर गेन शून्य. एका बाजूला सरकवली की रेट मोड आणि वाढता गेन, दुसऱ्या बाजूला हेडिंग होल्ड आणि वाढता गेन. रोबॉटचा कंट्रोलर मोकळ्या चॅनेलवर आपणहून १५०० पाठवतो, आणि जायरो निमूटपणे झोपून राहतो. कोणती बाजू रेटची हे रेडिओ आणि कंपनीगणिक बदलतं, म्हणून वरची हातातली चाचणी करूनच ठरवा. मध्यापासून १०० मायक्रोसेकंदांनी सुरुवात करा, पंचवीस-पंचवीसने वाढवत न्या, थरथर सुरू झाली की तिथून एक तृतीयांश मागे या.

दुसरं कारण अक्षाचं, आणि ते फार जणांना चकवतं. बहुतेक जायरोंचा संवेदन-अक्ष डबीच्या सपाट पृष्ठाला लंब असतो. खांद्यावर सपाट ठेवलेला जायरो रोबॉटचं स्वतःभोवती वळणं मोजतो. पाठीवर सपाट चिकटवलेला डावं-उजवं डुलणं मोजतो. पुढे-मागे पडणं मोजायचं असेल तर तो धडाच्या बाजूच्या पट्टीवर, बरगडीच्या जागी हवा. जायरो गुरुत्वमध्यावरच बसवावा लागतो का असं नेहमी विचारतात. नाही. घट्ट सांगाड्यावर फिरण्याचा वेग सगळीकडे सारखाच असतो. महत्त्व आहे ते अक्ष सरळ असण्याला: तो १० अंश तिरका बसला तर वळण्याच्या वेगाचा सतरा टक्के भाग पुढे-मागे पडण्याच्या खात्यात जमा होतो, आणि रोबॉट वळताना विनाकारण वाकतो.

वापरलेला जायरो घेतला असेल तर आणखी एक सापळा असतो. शेपटीच्या काही खास सर्व्होंचा मध्य १५२० ऐवजी ७६० मायक्रोसेकंदांवर असतो. आधीच्या मालकाने जायरो त्यावर ठेवला असेल तर साधा सर्व्हो एकदम टोकाला जाऊन गुरगुरत बसतो. आणि डिजिटल सर्व्होसाठीचा जलद दर, बऱ्याच जायरोंत ३३३ हर्ट्झ, चालू ठेवून साधा ॲनालॉग सर्व्हो लावलात तर सर्व्हो तापून जळू शकतो. सर्व्होने किती दूर जायचं ते ठरवणारा लिमिटचा छोटा स्क्रूही बघून घ्या. तो शेपटीच्या मापाने कमी केलेला असतो, म्हणून रोबॉटला खाली बसवायला गेलं की घोटा अर्ध्यातच अडतो.

चालू केल्याबरोबर एका बाजूला झुकतो

वीज मिळाल्यावर पहिले काही सेकंद जायरो ‘मी स्थिर आहे’ असं गृहीत धरून स्वतःचं शून्य मोजतो. नेमके त्याच वेळी सतरा सर्व्हो एकदम उसळून होम पोझला, म्हणजे सुरुवातीच्या उभ्या स्थितीला, जातात आणि रोबॉट हिंदकळतो. शून्य चुकीचं मोजलं जातं. रेट मोडमध्ये त्याचा परिणाम म्हणजे गेनच्या प्रमाणात कायमचा कल. बंद करून पुन्हा चालू केलं की कधी जातो, कधी दुसऱ्या बाजूला होतो. दर वेळी वेगळा वागणारा कल दिसला तर आधी इथेच संशय घ्या.

उपाय वायरिंगमध्ये आहे. जायरोच्या बाहेरच्या प्लगमधली लाल तार कापा आणि सर्व्होला वीज थेट मुख्य पट्टीवरून द्या, मध्ये एक स्विच घालून. ग्राउंड मात्र सगळ्यांचं एकच ठेवा. आता आधी कंट्रोलर आणि जायरो चालू करायचे, पल्स वाहू द्यायच्या, जायरोचा दिवा स्थिर झाला की सर्व्होंना वीज. तोवर रोबॉट टेबलावर आडवा झोपलेला बरा.

या कापलेल्या लाल तारेने आणखी दोन दुखणी जातात. चालताना घोट्याचा सर्व्हो एखाद-दोन अँपिअर सहज ओढतो. तो प्रवाह जायरोच्या केसासारख्या बारीक तारांतून गेला की व्होल्टेज खाली बसतं आणि जायरो मधेच नव्याने सुरू होतो, तेही रोबॉट हलत असताना. ‘पाच-सहा पावलांनंतर अचानक एका बाजूला वळून पडला’ याचं हे कारण असू शकतं. दुसरं दुखणं महागाचं आहे. केएचआर-२एचव्ही आणि त्याच्या जातीचे रोबॉट दहा-अकरा व्होल्टवर चालतात, आणि हेलिकॉप्टरचे जुने जायरो पाच-सहा व्होल्टसाठी बनलेले. प्लग तंतोतंत बसतो, म्हणून लोक लावतात. जायरोला वेगळा ५ व्होल्टचा रेग्युलेटर द्याच.

कल सुरुवातीला नसतो पण दहा-पंधरा मिनिटांनी हळूहळू येतो, असं असेल तर तो तापमानाचा आहे. जीडब्ल्यूएसच्या पीजी-०३ सारख्या स्वस्त पिझो जायरोंचं शून्य गरम झाल्यावर सरकतं. उन्हाळ्यात, पंख्याखाली आणि पंखा बंद असताना, तोच रोबॉट दोन तऱ्हांनी उभा राहतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: गेन शून्यावर आणा. कल गेला तर दोष जायरोच्या शून्याचा. कल तसाच राहिला तर जायरो निर्दोष आहे, तापलेला सर्व्हो किंवा सरकलेला हॉर्न शोधा. पहिली पाच मिनिटं रोबॉट नुसता चालू ठेवून, मग जायरोचं शून्य नव्याने घेतलं तर त्रास बराच आटोक्यात येतो. मोटर-ड्रायव्हर किंवा रेग्युलेटरला चिकटवून जायरो बसवला असेल तर मात्र जागाच बदला.

थरथर

थरथर म्हणजे गेन जास्त, एवढं सगळ्यांना माहीत असतं, आणि गेन कमी करूनही ती परत येते तेव्हा डोकं फिरतं. रोबॉट हवेत उचला. हवेतही थरथरत असेल तर सर्व्होची कंपनं सांगाड्यातून जायरोपर्यंत पोचत आहेत. दोन्ही बाजूंनी चिकटणारी दीड-दोन मिलिमीटरची फोमची टेप खाली द्या आणि जायरो कमरेच्या सर्व्होपासून दूर सरकवा. फोम फार मऊ आणि जाड घेऊ नका, जायरो स्वतःच वेगळा डुलायला लागतो आणि उशीर वाढतो. उचलल्यावर थरथर थांबत असेल तर ती जमिनीमार्फत पूर्ण होणाऱ्या चक्राची आहे: घोटा, फरशी, धड, जायरो, पुन्हा घोटा. तिथे गेन कमी करणं किंवा तळव्याला पातळ रबर लावणं काम करतं. सतरंजीवर जुळवलेला गेन कडप्प्यावर टिकत नाही, त्यामुळे जुळवणी कडक जमिनीवर करा.

पण ‘पुन्हा पुन्हा’ येणाऱ्या थरथरीचा खरा गुन्हेगार बहुतेकदा बॅटरी असते. सहा व्होल्टचा पाच सेलचा निकेल-मेटल हायड्राइड पॅक नुकताच चार्जरवरून काढला की सात व्होल्टच्या वर असतो. जास्त व्होल्टेजवर सर्व्हो चपळ होतो आणि जोरात ढकलतो, म्हणजे जायरोचा स्क्रू न हलवताही एकूण गेन वाढतो. लोक जुळवणी करता करता बॅटरी उतरवतात, शेवटी सगळं छान जमतं, झोपायला जातात, रात्रभर चार्ज करतात आणि सकाळी रोबॉट थरथरतो. गेन नेहमी पूर्ण भरलेल्या बॅटरीवर ठरवायचा. उतरलेल्या बॅटरीवर तो थोडा मंद वाटेल, ते चालतं.

दोन घोट्यांना एक जायरो

आता वायरिंगचा जरा गहन मुद्दा. एकाच जायरोच्या बाहेर वाय-केबल (एका तारेचे दोन फाटे करणारी) लावून दोन्ही घोटे जोडायचा मोह प्रत्येकाला होतो. ते चालत नाही. चालताना दोन्ही घोट्यांचे कोन वेगवेगळे असतात आणि वाय-केबल दोघांना एकच पल्स देते. ओळीत, म्हणजे कंट्रोलर आणि सर्व्हो यांच्या मध्ये, जोडायचं तर प्रत्येक सर्व्होला स्वतंत्र जायरो हवा: पुढे-मागेसाठी दोन, आडव्या डुलण्यासाठी दोन. चार जायरो, त्यांचे चार गेन, चार शून्यं, आणि चारही एकमेकांपासून थोडे वेगळे तापणारे.

यावर चांगली युक्ती आहे, कंट्रोलरमध्ये स्वतःचा प्रोग्रॅम घालता येत असेल तर. जायरोला कायम १५०० मायक्रोसेकंदांची पल्स द्या आणि बाहेर येणारी पल्स सर्व्होला न देता मायक्रोकंट्रोलरने मोजा. १५२० आली तर २० चा फरक हाच फिरण्याचा वेग, गेनने गुणलेला. पुढे तो आकडा कुठल्या सांध्यात, कुठल्या चिन्हाने आणि किती घालायचा हे तुमच्या हातात. एका दिशेला एकच जायरो पुरतो, आरशासारख्या सर्व्होंचं चिन्ह प्रोग्रॅममध्ये बदलता येतं, आणि घोट्यासोबत कमरेलाही थोडी दुरुस्ती देता येते. रोबोनोव्हाच्या रोबोबेसिक भाषेत तर जायरोसाठी तयार आज्ञाच आहेत. बायोलॉइडसारख्या डायनामिक्सेल सर्व्होंच्या रोबॉटांना सिरियल संदेश लागतात, पल्स कळतच नाही, त्यामुळे तिथे ही एकच वाट उरते.

या युक्तीच्याही खोड्या आहेत. आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डावर पल्स मोजणारं पल्सइन हे फंक्शन वापरलं तर प्रोग्रॅम पल्सची वाट बघत अडकतो आणि चाल अडखळते. इंटरप्ट वापरा, म्हणजे पल्स आली की प्रोग्रॅम तेवढ्यापुरता थांबून ती नोंदवतो. ऊनोवर मायक्रोज हे फंक्शन ४ मायक्रोसेकंदांच्या पायऱ्यांनी मोजतं, बारीक डुलणं त्यातच हरवतं. ८ नंबरच्या पिनवर टायमर-१ चा इनपुट कॅप्चर (पल्सची वेळ चिपनेच टिपण्याची सोय) घेतला तर अर्ध्या मायक्रोसेकंदापर्यंत मोजता येतं. डिजिटल सर्व्होसाठीचा जलद दर इथे जरूर चालू करा, सर्व्हो जळायची भीती नाही आणि माहिती लवकर मिळते. आकडे उड्या मारतात म्हणून पाच पल्सची सरासरी घ्यायची सवय मात्र सोडा. ५० हर्ट्झवर पाच पल्स म्हणजे १०० मिलिसेकंद, आणि आपल्याकडे ०.१४ सेकंदाचा कालमानांक आहे. सरासरी घेतलेला जायरो डुलणं जिरवण्याऐवजी वाढवतो, आणि आकडे तर स्क्रीनवर इतके गुळगुळीत दिसतात की संशयही येत नाही.

दुरुस्ती कधी द्यायची हेही प्रोग्रॅममध्ये ठरवा. उचललेल्या पायाच्या घोट्याला ती दिली तर पाऊल हवेतच वाकतं आणि चवडा जमिनीला अडकतो. टेकलेल्या पायालाच पूर्ण द्या, उचललेल्याला शून्य किंवा अगदी थोडी. पडल्यावर उठणं, वाकून नमस्कार करणं, लाथ मारणं या हालचालींत रोबॉट मुद्दाम वेगाने फिरतो आणि जायरो त्यालाच विरोध करतो. त्या वेळी गेन शून्य. ओळीत जोडलेल्या जायरोलाही हे करता येतं, गेनची तार कंट्रोलरच्या चॅनेलवर असेल तर.

मग हा जुना जायरो वापरावाच का

जपानमध्ये २००२ साली रोबो-वन या दोन पायांच्या रोबॉटांच्या लढती सुरू झाल्या. तेव्हा हौशी मंडळींना हाताशी मिळणारा, छोटा, सर्व्होच्या पल्सची भाषा थेट बोलणारा सेन्सर म्हणजे हाच होता. आज मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत काहीशे रुपयांत एमपीयू-६०५० चं बोर्ड मिळतं, त्यात तीन अक्षांचा जायरो आणि तीन अक्षांचा ॲक्सेलरोमीटर (त्वरण मोजणारा सेन्सर, ज्याला गुरुत्वाची दिशाही कळते). नवीन रोबॉट बनवत असाल आणि प्रोग्रॅम लिहिता येत असेल तर सरळ तेच घ्या. हेलिकॉप्टरचा जायरो उरतो तो कंट्रोलर बंदिस्त असलेल्या जुन्या किटांसाठी, आणि ज्यांच्या ड्रॉवरमध्ये तो आधीच पडून आहे त्यांच्यासाठी. चार पायांच्या रोबॉटवाल्यांनाही तो चालतो. २०१९ च्या उलानबातरच्या एबीयू रोबोकॉन या विद्यार्थ्यांच्या रोबॉट स्पर्धेत चार पायांचा रोबॉट बनवणं भाग होतं, त्यामुळे आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या बऱ्याच पोरांचा अशा रोबॉटांशी संबंध आला. फक्त तिथे दुरुस्ती घोट्यात देऊन भागत नाही, ती कमरेच्या सांध्यात आणि पायाच्या लांबीत द्यावी लागते.

एमपीयूवर गेलात तरी हेलिकॉप्टर जायरोकडून शिकलेली एक गोष्ट सोबत ठेवा. ॲक्सेलरोमीटर मिळाला की लोक लगेच कल मोजतात आणि सगळी दुरुस्ती कलावरून द्यायला लागतात. पण प्रत्येक पाऊल आपटताना ॲक्सेलरोमीटरला बसणारा हिसका गुरुत्वापेक्षा मोठा असू शकतो, म्हणून त्याचं म्हणणं हळूहळू, गाळूनच घ्यावं लागतं. डुलणं जिरवायचं काम जायरोच्या वेगाकडेच राहू द्या, विनागाळणी आणि लगेच. कल दुरुस्त करणारा दुसरा मार्ग वेगळा आणि संथ ठेवा, एखाद-दोन सेकंदांच्या गतीने काम करणारा. थोड्या उतरत्या अंगणात किंवा एका बाजूला कललेल्या टेबलावर रोबॉट चालवायचा असेल तर हा दुसरा मार्ग लागतोच, तिथे हेलिकॉप्टरचा जायरो कितीही जुळवा, काही करू शकणार नाही. आणि जोडताना आधी वेगाचा मार्ग एकटा जुळवा, वरची हातातली चाचणी त्यालाही लागू आहे, मग कलाचा गेन शून्यापासून वर न्या. दोन्ही एकदम चालू केले तर थरथर कोणामुळे आली हे शोधत बसावं लागतं.